सालीत एक, रसात दुसरं

संत्र्याच्या सालीचा तुकडा घ्या, त्याची बाहेरची बाजू पेटत्या पणतीकडे धरा आणि तुकडा चिमटीत दुमडा. ज्योतीत तडतड होते, इवल्याशा ठिणग्यांचा फवारा उडतो आणि खोलीभर संत्र्याचा वास सुटतो. बऱ्याच मुलांना हा खेळ ठाऊक असतो. पण त्यात दडलेला प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. सालीतून उडालं ते पाणी असतं, तर ज्योत विझायला हवी होती. ती भडकली कशी?

सालीवर बारीक टिंबं दिसतात, ती तेलाची कोठारं आहेत. साल दुमडली की आतला पांढरा, मऊ थर दाबला जातो, कोठारातला दाब वाढत जातो आणि वरची पातळ कातडी फाटून तेलाची चिळकांडी उडते. फ्लोरिडातल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी या चिळकांड्या टिपल्या आणि २०१८ साली त्यांची मोजमापं प्रसिद्ध केली. जेमतेम एका मिलिमीटरच्या अंतरात हे तेल सेकंदाला दहा मीटरच्या आसपास वेग गाठतं. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाच हजार पट त्वरण! संत्रं सोलताना डोळ्यात जे झोंबतं, त्यामागे एवढा जोर असतो. हे वाचल्यापासून मी संत्रं जरा सावकाश सोलते.

या तेलाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग एकाच पदार्थाचा असतो. त्याचं नाव लिमोनीन. दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन, बाकी काही नाही. त्यात ऑक्सिजन नाही, त्यामुळे पाण्याशी त्याचं फारसं जमत नाही. ते पाण्यावर तरंगतं आणि सहज पेट घेतं. पण पाणी जिथे हरतं, तिथे हे तेल काम करतं. नव्या बरणीवरचा कागद निघतो आणि मागे चिकट गोंद राहतो. तो पाण्यानं जात नाही, घासला तर आणखी पसरतो. त्यावर संत्र्याची साल बाहेरच्या बाजूनं चोळावी, दोन-चार मिनिटं थांबावं आणि फडक्यानं पुसावं, गोंद निघून येतो. कोकणात फणस कापण्याआधी हाताला खोबरेल तेल लावतात, कारण चीक पाण्याला दाद देत नाही. तत्त्व तेच: तेलकट, चिकट, डिंकासारख्या वस्तूला तिच्याच जातीचा द्रव लागतो.

किती जवळच्या जातीचा, हे पाहायचं असेल तर फुगवलेल्या फुग्यावर सालीचं तेल उडवा. बऱ्याचदा फुगा फटकन फुटतो. फुग्याचं रबर म्हणजे आयसोप्रीन नावाच्या पाच कार्बनच्या मण्यांची लांबच लांब माळ. लिमोनीन म्हणजे तेच दोन मणी जोडून झालेला रेणू. इतकं जवळचं नातं असल्यानं तेल रबराच्या साखळ्यांमध्ये शिरतं, ताणलेला पडदा त्या जागी दुबळा होतो आणि आतली हवा उरलेलं काम करते. थर्मोकोलवर तर परिणाम डोळ्यांदेखत होतो. सालीचं तेल पडलं की थर्मोकोल विरघळून खड्डा पडतो. जपानच्या सोनी कंपनीतल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात याच गुणाच्या जोरावर वापरलेला थर्मोकोल लिमोनीनमध्ये विरघळवून परत वापरण्याची पद्धत तयार केली होती.

सालीच्या या तेलाची एक कामगिरी मला सगळ्यांत मोठी वाटते. इलेक्ट्रॉनिक सर्किटवर डाग देताना राळ वापरतात. ही राळ पाइन वृक्षापासून येते. डाग देऊन झाला की ती काढून टाकावी लागते. यासाठी कारखान्यांत वर्षानुवर्षं सीएफसी-११३ नावाचं द्रावण वापरलं जाई. ते हवेत उडून जाई आणि वर ओझोनचा थर खाई. सप्टेंबर १९८७ मध्ये ओझोनच्या रक्षणासाठी मॉन्ट्रियलचा करार झाला, तेव्हा या द्रावणाला पर्याय नाही, असं उद्योगातले अनेकजण सांगत होते. १९८८ च्या सुरुवातीलाच एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीनं पेट्रोफर्म या छोट्या कंपनीच्या सोबतीनं एक नवं द्रावण पुढे आणलं. त्याचा मुख्य घटक लिंबूवर्गीय फळांच्या सालीतून येत होता. पाइनची राळ आणि संत्र्याचं तेल या दोन्ही वस्तू झाडांनी त्याच पाच कार्बनच्या मण्यांपासून घडवलेल्या, त्यामुळे एकीनं दुसरीला सहज सामावून घेतलं. सरबताच्या कारखान्यातून टाकून दिलेली साल आकाशातल्या ओझोनच्या कामी आली.

त्या द्रावणात मात्र सालीचं तेल एकटं नव्हतं. त्यात साबणासारखं काम करणारं पृष्ठक्रियाशील द्रव्यही मिसळलेलं होतं, कारण तेलानं राळ उचलली तरी ते तेल सर्किटवरून धुवायचं कसं, हा प्रश्न उरतोच. लिंबू साबणाची जागा घेऊ शकतं का, असं कुणी विचारलं तर त्या प्रश्नाचं मर्मही इथेच आहे.

साबणाचा रेणू लांबट असतो. त्याचं एक टोक पाण्यात रमतं आणि उरलेली लांब शेपटी तेलात. ताटाला लागलेल्या तुपात शेपट्या घुसतात, पाण्याकडे ओढ असलेली टोकं बाहेर राहतात, तुपाचा थर सुटून त्याचे गोळे होतात आणि पाणी त्यांना वाहून नेतं. तेल विरघळवणारे पदार्थ निसर्गात खूप आहेत, पाण्यात विरघळणारेही खूप आहेत. एकाच रेणूत दोन्ही स्वभाव असणं, ही साबणाची खरी किमया. सालीच्या तेलाकडे ती नाही. तुपकट ताटावर संत्र्याची साल घासली तर तूप हलतं, पसरतं, वास बदलतो. पण वर पाणी ओतलं की ताट ओशटच राहतं.

मग रसाचं काय?

रसाचं जग अगदी निराळं. लिंबाच्या रसात साधारण पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असतं. हे आम्ल तसं आपल्या प्रत्येक पेशीत असतं. अन्नापासून ऊर्जा काढण्याचं जे चक्र हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली उलगडलं, त्याची सुरुवातच सायट्रिक आम्लापासून होते. पण आपल्याकडे ते कणभर असतं, येतं आणि जातं. लिंबाची पेशी ते साठवत राहते. पेशीच्या पोटात एक मोठी पोकळी असते, तिच्या पडद्यावर हायड्रोजनचे आयन आत ढकलणारे पंप असतात आणि ते थांबत नाहीत. २०१९ साली ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवलं की हे पंप चालवणारी जनुकं पेटुनियाच्या फुलांतही आहेत, आणि तिथे ती पाकळ्यांचा रंग ठरवतात. कुंडीतल्या फुलाचा रंग आणि लिंबाचा आंबटपणा एकाच यंत्रणेतून येतात!

हा साठवलेला आंबटपणा घरात काय करतो, ते देवघरात पाहावं. समई, निरांजन, ताम्हण, पळी-पंचपात्र, सगळं काही दिवसांत काळवंडतं. तो काळसर थर मळाचा नसतो, हवेतल्या प्राणवायूनं आणि गंधकाच्या वायूंनी तांब्याशी केलेल्या संयुगांचा असतो. साबण तिथे काहीच करू शकत नाही, कारण उचलायला तेल नाहीच. पिळलेल्या लिंबाच्या अर्ध्या भागावर मीठ घेऊन घासलं की आम्ल तांब्याच्या ऑक्साइडला विरघळवतं आणि सुटलेल्या तांब्याच्या आयनांना सायट्रेट धरून ठेवतं. मिठातला क्लोराइड त्यात मदत करतो, आणि मिठाचे खडे घासण्याचं काम करतात. चिंचेनं हेच होतं, फक्त तिथे आम्ल टार्टरिक. कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, ते याच रसायनानं. भांडं घासताना जी क्रिया आपल्याला हवी असते, तीच पातेल्यात विष तयार करते.

एक काळजी मात्र घ्यावी. लिंबाचा रस पितळेवर फार वेळ ठेवला तर भांडं ठिकठिकाणी गुलाबी होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्ल जस्ताला आधी ओढून घेतं आणि पृष्ठभागावर तांबं उघडं पडतं. म्हणून घासून झालं की लगेच भरपूर पाण्यानं धुवावं आणि कोरडं पुसावं.

रसाचं दुसरं काम थेट साबणाशी जोडलेलं आहे, आणि माझ्या मते तिथेच लिंबाचं खरं मोल कळतं. मराठवाड्यात, सोलापूरकडे कितीतरी विहिरी-बोअरचं पाणी जड असतं. पाठ्यपुस्तकातलं दुष्फेन पाणी ते हेच. साबण चोळत राहा, फेस येत नाही, कारण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाच्या रेणूंना पकडून त्यांचा न विरघळणारा पांढुरका साका करतात. तो साका बादलीला चिकटतो, कपड्यांवर बसतो, केसांत राहतो आणि केस राठ लागतात. पुन्हा साबण लावला तर साका वाढतोच. तिथे पाण्यात लिंबू पिळून केसांवरून ओतलं की आम्ल साक्यातला कॅल्शियम सोडवून घेतं आणि केस मोकळे होतात. नळाच्या तोटीवरचा पांढरा थर, किटलीच्या तळाचं कवच, यांच्यावर चोळलेला साबण वाया जातो. लिंबाची फोड बांधून ठेवली तर तासाभरात ते कवच भुसभुशीत होतं. जड पाण्यानं साबणाचा पराभव केला, की तिथून पुढचं काम लिंबाचं.

मासळीचंही तसंच. बांगडा किंवा सुरमई साफ केल्यावर हाताला जो वास राहतो, तो मुख्यतः ट्रायमिथाइल अमाइन या पदार्थाचा. तो अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा आणि उडणारा असतो. साबणही अल्कधर्मी असल्यानं तो वास पटकन जात नाही. लिंबाच्या रसात त्याचं क्षारात रूपांतर होतं. क्षार हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही आणि पाण्याबरोबर निघून जातो. हॉटेलात जेवणानंतर कोमट पाण्याच्या वाटीत लिंबाची फोड येते, तिचं काम हेच.

आता दोन्ही जगं शेजारी ठेवून पाहावीत. सालीत तेलाशी जमणारं द्रव्य आहे, रसात पाण्याशी जमणारं. झाडानं ती दोन्ही मुद्दाम दूर ठेवली आहेत, कारण त्यांची कामं वेगळी. साल ही वेस आहे. फळमाशी साल टोचून अंडी घालते, तेव्हा सालीचं तेल तिच्या अळ्यांना विषारी ठरतं. रस आतल्या बियांभोवतीचा साठा आहे. मधला पांढरा थर दोघांना एकत्र येऊ देत नाही. साबण जे एका रेणूत जोडतो, ते लिंबात एका पांढऱ्या थराच्या दोन बाजूंना विभागलेलं आहे. पिळलेलं लिंबू साल-रसासकट भांड्यावर घासतो तेव्हा दोन्ही एकाच जागी येतात खरी, पण जोडली जात नाहीत. जोडणारा तिसरा कुणीतरी लागतो.

बाजारातल्या भांड्यांच्या साबणावर लिंबाचं चित्र असतं, तिथे तो तिसरा कारखान्यात बनवलेला असतो. आणि त्या चित्रामागची गोष्ट फार विलक्षण आहे. १७८४ साली कार्ल शेले यांनी लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्लाचे स्फटिक काढले. त्यानंतर शतकाहून जास्त काळ जगाला हे आम्ल लिंबांपासूनच मिळे, आणि त्यातलं मोठं केंद्र इटली होतं. १९१७ साली जेम्स करी यांना आढळलं की अॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेवर वाढवली तर भरपूर सायट्रिक आम्ल बनवते. १९१९ मध्ये फायझर कंपनीनं त्यावर उत्पादन सुरू केलं. आज जगातलं बहुतेक सायट्रिक आम्ल बुरशीकडूनच येतं, अनेकदा उसाच्या मळीवर वाढवलेल्या. ही बुरशी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. कांद्याच्या पापुद्र्याखाली काजळीसारखी काळी पूड बसलेली असते, ती बहुधा तीच. लिंबाचा वास सिट्रालमुळे येतो, आणि सिट्राल गवती चहाच्या तेलात सत्तर-ऐंशी टक्के भरतो. म्हणजे लिंबाची बाटली लिंबाशिवायही पूर्ण होऊ शकते.

आपल्या परंपरेत तिसऱ्याची जागा रिठ्यानं घेतलेली आहे. रेशमी साडी, लोकरीची शाल, सोन्याचे दागिने यांच्यासाठी रिठा. सोनारांच्या दुकानात आजही तो दिसतो. रिठ्याच्या फळाच्या गरात सॅपोनिन असतं. त्याच्या रेणूच्या एका बाजूला साखरेच्या कड्या, पाण्यात रमणाऱ्या. दुसऱ्या बाजूला तीस कार्बनचा तेलाशी जमणारा सांगाडा. हा तीस कार्बनचा सांगाडा आयसोप्रीनच्या सहा मण्यांपासून बनलेला आहे. लिमोनीनमध्ये दोन, रिठ्यात सहा, आणि वर साखर! वनस्पतिशास्त्र तर आणखी पुढची गोष्ट सांगतं. लिंबू, संत्रं, रिठा, आंबा आणि कडुनिंब ही सगळी एकाच गणातली झाडं आहेत, आणि त्या गणाचं नावच रिठ्यावरून पडलेलं आहे: सॅपिंडेल्स. लिंबाला साबण होण्यासाठी जे कमी पडतं, ते त्याच्या भाऊबंदाकडे आहे.

अलीकडे पुण्या-मुंबईतल्या कित्येक घरांत बायोएन्झाइम करतात, ते मला म्हणूनच रंजक वाटतं. प्रमाण ठरलेलं आहे: एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-मोसंब्या-लिंबांच्या साली, दहा भाग पाणी आणि सुमारे तीन महिने वाट पाहणं. प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, ती गळ्यापर्यंत भरू नये आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडावा. नाहीतर बाटली फुटते. यीस्ट गुळाचं अल्कोहोल करतं, जीवाणू त्याचं आम्ल करतात, आणि पिवळसर, आंबूस द्रव तयार होतो. नावात एन्झाइम असलं तरी फरशी-भांड्यांवर मुख्य काम त्यातलं आम्ल करतं, असं मला या रसायनाकडे पाहून वाटतं. नुसता हा द्रव तुपकट कढईला पुरत नाही. पण रिठे रात्रभर भिजवून, उकळून, गाळून ते पाणी त्यात मिसळलं की फेस येतो, ओशटपणा निघतो, आणि आम्ल असल्यानं जड पाण्याचा पांढरा थरही बसत नाही. विदर्भातली संत्री बाजारात येतात, तेव्हा घरोघरी सालींचे ढीग होतात; नागपूरच्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची साल मात्र अजूनही बहुतेक कचऱ्यातच जाते.

मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. शहाबादी फरशी, कडप्पा आणि संगमरवर हे सगळे चुनखडीच्या कुळातले दगड. लिंबाचा रस सांडला तर ते खाल्ले जातात आणि चकाकी जाते. लोखंडी तवा गंजतो. आणि कुठल्याही आंबट द्रवात ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. सालीचं तेल फार दिवस उघडं ठेवलं तर हवेशी संयोग होऊन त्यातले पदार्थ त्वचेला ॲलर्जी आणतात.

जंतूंच्या बाबतीत तर लिंबाला साबणाची जागा देऊच नये. शौचाहून आल्यावर, स्वयंपाकाआधी हात धुवायला साबणच हवा. लिंबू काही जंतू मारतं हे खरं: पारदर्शक बाटलीतलं पाणी उन्हात ठेवून निर्जंतुक करण्याची पद्धत आहे, त्यात लिंबाचा रस घातला तर ई. कोलाय जीवाणू लवकर कमी होतात, असं अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं. नोरोव्हायरसवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही.

लिंबू आणि ऊन एकत्र आले की आणखी एक गोष्ट घडते, आणि ती आपल्या कातडीवर घडते. लिंबाच्या सालीत आणि काही प्रमाणात रसात सोरालेन वर्गातले पदार्थ असतात. उन्हातला अतिनील प्रकाश पडला की ते जागे होतात आणि पेशींतल्या डीएनएला चिकटतात. लिंबू अंगाला चोळून किंवा भरपूर लिंबं पिळून तसंच उन्हात फिरलं तर एक-दोन दिवसांत तिथे भाजल्यासारखे फोड येतात, आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. चेहऱ्यावर लिंबू चोळण्याचा सल्ला कुणी दिला तर तो म्हणूनच ऐकू नये. या पदार्थांना सोरालेन हे नाव मिळालं ते बावचीच्या शास्त्रीय नावावरून. तीच बावची, जिचं बी आयुर्वेदात कोडावर पूर्वापार वापरलं जातं. आधुनिक त्वचारोगतज्ज्ञही कोडावर सोरालेन देऊन मोजूनमापून अतिनील किरण टाकतात, कारण नेमक्या मात्रेत हीच क्रिया त्वचेला पुन्हा रंग तयार करायला लावते. शंभर लिंबांचं लोणचं घालणाऱ्यांनी हात आधी साबणानं धुवावेत आणि मगच उन्हात जावं.